चाक न फिरण्याचा दिवस

डोंगराशी माझा संबंध सुक्या बोंबलापुरता. आमच्या घरच्या बायका डहाणूहून टोपल्या घेऊन पाड्यांवर जायच्या आणि येताना भात, मध, कधी एखादी कोंबडी घेऊन यायच्या. मी कधी गेलो नाही. मला चढ आवडत नाहीत, आणि ज्यांना आवडतात त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तरी पन्नाशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली आणि दवाखान्यातल्या नर्सने, योगिताने, बोट टोचता टोचता हुकूम सोडला, "नारूकाका, गोळ्या घ्या नाहीतर सायकल घ्या." मला दोन्ही घ्यावं लागलं.

योगिता वारली समाजाची, तलासरीकडच्या नदीखोऱ्यातली. तिने पातळ टायरची एक जुनी रेसची सायकल मिळवली होती. रविवारी ती पुढे आणि मी मागे. चढावर मला बोलायला दम उरायचा नाही, म्हणून आमची मैत्री टिकली.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये तिने वापीकडच्या सायकलवाल्यांसाठी एक फेरी आखली. डहाणू, आशागड, सायवन, मग नदीच्या कडेने उधवा, तलासरी आणि बोर्डीवरून समुद्राच्या रस्त्याने परत. मी नकाशा बघितला आणि माझं डोकं सणकलं. उधव्याच्या अलीकडे सरळ, चांगला रस्ता सोडून तिने एका पाड्यातून वळसा घातला होता.

"हा वळसा कशाला?" मी विचारलं.

"रस्ता छान आहे तिकडचा."

"सायकल घेतली म्हणून मला गाढव समजतेस का?"

मग ती बोलली. तो तिचा पाडा. तीन वर्षांपूर्वी बापाने ठरवलेला नवरा तिने नाकारला, तेव्हापासून काकड्या, म्हणजे तिचा बाप, तिच्याशी बोलत नव्हता. आई नव्हतीच. ती सणाला गेली की तो जाळं उचलून नदीवर निघून जायचा आणि ती परत फिरेपर्यंत यायचा नाही. रस्ता मात्र त्याच्या दारावरून जात होता.

"त्याने एकदा ओटीवरून बघावं मला, एवढंच," ती म्हणाली. "मी सायकलवरून भरधाव दारात आले की नदीवर पळायला वेळ मिळणार नाही त्याला."

एवढ्यासाठी वापीच्या माणसांना वळसा घालायला लावणारी पोरगी. मला ती त्या दिवशी फार आवडली.

सायवन सोडल्यावर झाडी जवळ आली. नदीवर धुकं होतं, इतकं की पाणी दिसत नव्हतं, फक्त दगडांवरून वाहताना ऐकू येत होतं. रस्त्यावर मोहाची फुलं पडली होती आणि आमच्या टायरखाली त्यांचा गोड, आंबूस वास उठत होता. पुढचे सायकलवाले एकेक करून धुक्यात शिरत आणि पुढच्या वळणावर पुन्हा उन्हात उगवत. कोणी बोलत नव्हतं. आपण पेडल मारत नाही आहोत, खोरंच आपल्याला उचलून नेतंय, असं मला वाटायला लागलं. साखर कमी झाली असावी म्हणून मी खिशातला चिकू खाल्ला, तरी तसंच वाटत राहिलं.

वळशाच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळाने सगळे थांबलेले दिसले. रस्त्यावर आडवी दोरी होती, आंब्याची पानं ओवलेली. पलीकडे दोन म्हातारे उकिडवे बसले होते. पुढे थांबलेला पियुष, वापीच्या मंडळींचा म्होरक्या, मला म्हणाला, "काका, आ शू छे? रस्ता बंद आहे काय?"

योगिता सायकलवरून उतरली होती. मीही उतरलो.

"आज पाळणूक हाय गावदेवाची," एक म्हातारा म्हणाला. "शिवेच्या आत चाक फिरत नाय. गाडी नाय, जातं नाय."

"ती होळीच्या आधी असते," योगिता म्हणाली.

"यंदा लांबली. परवा बसून ठरवली." म्हातारा थांबला. "तुला सांगावा नाय आला?"

हा सांगावा काय ते तिने मला तिथेच, हळू आवाजात सांगितलं. दिवस ठरला की प्रत्येक घर बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसाला निरोप धाडतं. कोण सुरतेला मजुरीला, कोण वसईला वीटभट्टीवर. एसटीच्या माणसाबरोबर, भाजीवालीबरोबर, कसाही धाडतात. माणूस असेल तिथे तो दिवस पाळतो. ज्याला सांगावा येतो तो त्या घरचा. गेल्या तीन वर्षांत पाळणुकीचे दिवस तिने अंदाजाने धरले होते, आणि दरवेळी वाटलं होतं की निरोप वाटेत कुठे हरवला असेल. शिवेवर उभं राहिल्यावर तिला कळलं की तो निघालाच नव्हता.

"पाव्हण्यांना चालत जाया मुभा हाय," दुसरा म्हातारा म्हणाला. "सायकल खांद्यावर घ्या, पायातलं काढा. घरचा माणूस मात्र आत आला तर दिवस बुडेस्तोवर शीव वलांडत नाय." त्याने योगिताकडे बघितलं. त्याला तिचं सगळं माहीत होतं, तरी त्याने विचारलं, आणि मला त्याचा राग आला. "तू काय म्हणून जाशी? पाव्हणी का घरची?"

ती दोरीपाशी गेली.

"पाव्हणी म्हणा," ती म्हणाली.

पियुषची मंडळी समजूतदार निघाली. कोणी कुरकुर केली नाही, माघारी वळून सरळ रस्त्याने उधव्याला थांबतो म्हणाले. योगिताने बूट काढून हँडलला लटकवले, सायकल खांद्यावर घेतली आणि दोरीखालून आत गेली. मीही बूट काढले. माझी सायकल तिच्यापेक्षा जड, गुडघा कुरकुरणारा, आणि मला कोणी बोलावलंही नव्हतं. पण पोरगी एकटी जात होती.

आत गेल्यावर मला आधी कळेना की काय वेगळं आहे. मग कळलं, आवाजच नाही. लांबची मोटरसायकल नाही, गिरणी नाही, जात्याची घरघर नाही. माणसं ओट्यांवर नुसती बसली होती. बायकांचे हात मांडीवर रिकामे पडले होते. एका आंब्याखाली मोहाच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या आणि फुलं झाडांखाली तशीच, कोणी वेचत नव्हतं. कोंबड्या रस्त्याच्या मधोमध धुळीत झोपल्या होत्या आणि आमच्यासाठी उठल्या नाहीत. धूळ गार होती. सायकलची चाकं माझ्या कानाशी होती, वाऱ्याने हलत होती, म्हणून मी एक हात वर करून ती धरून ठेवली. नदी मात्र वाहत होती, तिला बहुतेक कोणी सांगितलं नव्हतं. मी आयुष्यात इतका हळू आणि इतका हलका चाललो नव्हतो, खांद्यावर सायकल असून. हे खरं आहे का मी झोपेत आहे, असं मी मनात दोनदा विचारलं. तळव्याला खडा टोचला तेव्हा खरं वाटलं.

योगिता पुढे चालत होती. कुणी तिला हाक मारली नाही, पण सगळे बघत होते. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि परत बसली.

मग कुडाचं एक घर आलं, नुकतंच सारवलेलं. ओटीवर एक काटक माणूस बसला होता. जाळं खुंटीला होतं. आज जाळं टाकायचंही नव्हतं, नदीवर जाण्याचं त्याला काही निमित्तच नव्हतं. काकड्या समोर बघत बसला होता आणि त्याच्या समोरूनच त्याची लेक अनवाणी, सायकल खांद्यावर घेऊन चालली होती. तिने जे योजलं होतं त्याच्या अगदी उलट झालं होतं. ती वेगात नव्हती, वाकली होती, घामाने थबथबली होती. तिने मान वळवली नाही. घर संपलं, शेणाचा उकिरडा आला, पुढची दोरी झाडांतून दिसायला लागली. तिने खांदा बदलला आणि मला तिच्या पाठीवरून कळलं की ती रडते आहे. मला त्या माणसाला ओटीवरून खाली ओढावंसं वाटलं. खरंच मी सायकल खाली ठेवायच्या बेतात होतो.

"ओ, पाव्हणं."

हाक मला होती. काकड्या रस्त्यावर आला होता. तो आमच्या मागून चालत आला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. योगिता पुढे दोरीपाशी थांबली, पण वळली नाही.

"तुमी जा," तो मला म्हणाला. "तुमाला मुभा हाय."

"आणि ही?" माझा आवाज चढला होता.

तो तिच्याकडे न बघता बोलला. शब्द त्याला जड जात होते, तोंडातला काटा काढावा तसे.

"ती नाय जायाची. आज घरचा माणूस शीव वलांडत नाय."

या बाजूच्या दोरीपाशीही माणसं बसली होती, त्यांनी ते ऐकलं. काकड्याने पुढे होऊन तिच्या खांद्यावरून सायकल घेतली, स्वतःच्या खांद्यावर ठेवली आणि घराकडे चालायला लागला. योगिता क्षणभर तिथेच उभी राहिली, रिकामा खांदा चोळत. मग तिने माझ्याकडे बघून हात हलवला, घाईघाईने, आणि त्याच्या मागे गेली.

मी दोरीखालून वाकून बाहेर पडलो. बूट घालताना लेस काही केल्या बांधता येईना, डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते पुसलंही नाही. उधव्याला पियुषने विचारलं, "योगिताबेन कुठे? पंक्चर?"

"नाही," मी म्हटलं. "तिला घरी ठेवून घेतलंय."