तुटलेल्या स्प्रिंगची गोष्ट

मित्रांनो, मी पेट्रोलवर चालणारी, लाकूड कापायची करवत आहे. लोक मला चेनसॉ म्हणतात. वय झालं, रंग उडाला, पण दातांची धार शाबूत आहे. आणि मला भीती वाटते ती याच दातांची.

बारा वर्षं मी एका वखारीत राबले. मग इंजिन जाम झालं आणि भंगारात पडले. तिथून मला मिस्त्रींनी उचललं. ते खरे शेतकरी. पण जुन्या करवती जमवून खोलत बसायचा भारी नाद, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांच्या शेडमध्ये आम्ही एकोणीस जणी होतो. त्यांनी माझा पिस्टन बदलला, एकेक दात कानशीने घासला. दोरीच्या पहिल्याच हिसक्याला मी गरजले, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला!

"आता विसावी आणलीस ना, तर तुझी खाटही शेडमध्येच टाकीन!" दारातून त्यांची ताई म्हणाली. बहीणभाऊ मिळूनच शेती करत.

माझ्या मुठीपुढे एक पट्टी आहे. मी उसळले की ती हाताने ढकलली जाते आणि ब्रेक लागून साखळी थांबते. एकदा त्या ब्रेकची स्प्रिंग तुटली. मिस्त्रींनी पाहिलं. "शहरातून आणायला हवी," असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी मला फळीवर ठेवलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

तीन दिवसांनी ते स्प्रिंग आणायला गेले. त्याच दुपारी वादळ झालं आणि गोठ्याच्या दारावर झाड आडवं पडलं. आत गायी हंबरत होत्या. ताईंनी हाताला लागली ती करवत उचलली. ती मी होते.

'ताई, मला खाली ठेवा!' पण इंजिनाच्या घरघरीखेरीज मला आवाज कुठला? बुंधा निम्मा कापून झाला, आणि माझं टोक पानांआडच्या फांदीला लागलं. मी उसळले. पट्टी ढकलली गेली, साखळी थांबली नाही. ताईंच्या खांद्यात मी शिरले.

शेजारी राहणाऱ्या एका ड्रायव्हरने त्यांना दवाखान्यात नेलं. मिस्त्री परतले तेव्हा स्प्रिंग त्यांच्या खिशात होती.

कित्येक आठवडे शेडला कुलूप होतं. माझ्या दातांवर रक्त वाळलं होतं. शेवटी मिस्त्री आम्हा सगळ्यांना भंगारात द्यायला निघाले, तेव्हा गळ्यात हात अडकवलेल्या ताई समोर उभ्या राहिल्या.

"हिचा काय दोष? तुला माहीत होतं ना रे? मग मला का नाही सांगितलंस?"

मिस्त्रींनी खाली मान घालून ताईंसमोरच स्प्रिंग बसवली, दहा वेळा तपासली.

ताईंचा तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. कुणी माझी दोरी ओढली की मला धडकी भरते. मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आमच्यात खोट दिसली तर ती मनात ठेवू नका. दुरुस्ती उद्या झाली तरी चालेल. घरातल्या सगळ्यांना आजच सांगा.