चौथ्या स्लॅबचं पाणी

"थू!" मी टँकरच्या चाकापाशी थुंकलो. "पिंटू, हे पाणी परत ने."

पिंटू टँकरवाला खाली उतरलाच नाही. खिडकीतून मान काढून म्हणाला, "सुपरवायझरसाब, दो जगह घूम के आया. भरती का टाइम है, सब तरफ यहीच पानी मिल रहा है."

"तो घर ले जा. दाल में नमक नहीं डालना पड़ेगा."

मी हरिश्चंद्र. चौऱ्याण्णव साली सिल्व्हर पार्कात ईश्वरभाई शेठच्या साइटवर सुपरवायझर होतो. मीरा रोडची जमीन म्हणजे सगळी मिठागरं. कुठेही बोअर मारा, पाणी खारटच लागायचं. आणि काँक्रीटमध्ये खारं पाणी गेलं की आतली सळई गंजते. आज काही दिसत नाही. दहा वर्षांनी कोणाच्या तरी ताटात छताचे पोपडे पडतात, तेव्हा बिल्डर भलत्याच गावात टॉवर बांधत असतो. म्हणून स्लॅबच्या दिवशी मी प्रत्येक टँकरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचो. चौदा वर्षांत एक टँकर न चाखता आत सोडला नव्हता आणि एक खारा टँकर चाखून आत सोडला नव्हता. आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही मी.

तेवढ्यात आमचे धाकटे शेठ आले. दिपेश. विलायतेला शिकून आलेले. कोर्सचं नाव एका दमात म्हणून दाखवा: इंटरनॅशनल कन्स्ट्रक्शन बिझनेस अँड मॅनेजमेंट! इंटरनॅशनल म्हणे. ह्याच्या बापाची वीट कधी खाडीपलीकडे गेली नाही. पांढरं हेल्मेट घालायचा आणि ते घालून ऑफिसच्या सावलीत उभा राहायचा. भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा एवढा थोरला तक्ता लावला होता. तक्ता म्हणतो आज चौथा स्लॅब, म्हणजे आजच. खाडीला भरती कधी येते, ह्याची पट्टी काही त्यात नव्हती.

"काका, काय चाललंय? पंचेचाळीस माणसं बसून आहेत."

"पाणी खारं आहे, शेठ."

"पण किती खारं? काहीतरी नंबर सांगा ना. जिभेने काय टेस्ट करता? बाहेर लोक हसतील."

"बाहेरच्यांना नळाला गोडं पाणी येतं, म्हणून हसू येतं त्यांना."

ईश्वरभाई लग्नाला नडियादला गेले होते, पण जाताना बजावून गेले होते, की हरिश्चंद्रने हो म्हटल्याशिवाय पाणी आत सोडायचं नाही. एवढं शिकून आलेला पोरगा, आणि अडला कुठे, तर माझ्या जिभेपाशी. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

मग त्याने घड्याळात बघितलं. "काका, नीलमचं लेटर आज जायला पाहिजे ना?"

नीलम माझी मुलगी. बी.ई. होऊन दोन वर्षं ह्यांच्याच ऑफिसात आणि साइटवर राबत होती. तिला त्याच युनिव्हर्सिटीत, त्याच कोर्सला प्रवेश मिळाला होता. मी घरी ह्या कोर्सची टर उडवायचो आणि पोरगी मान खाली घालून फॉर्म भरत बसायची. फी माफ होणार होती. फक्त दोन वर्षं काम केल्याचं कंपनीचं पत्र हवं होतं आणि ते त्या दिवशी कुरिअरने निघालं नाही, तर सगळं मुसळ केरात. पत्र टाईप होऊन आठ दिवस दिपेशच्या टेबलावर पडलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लाटसाहेबांना सही करायला फुरसत नव्हती, इतकंच.

"हो," मी म्हटलं. "चारच्या आत जायला हवं."

"मग पटकन आटपू या ना. स्लॅब चालू झाला की मी मोकळा. लगेच सही करतो."

धमकी दिली असती तर त्याच्या हेल्मेटवर फावडं घातलं असतं मी. पण तो हसून बोलला. त्याच्या लेखी ते सगळं वेळापत्रकातच बसत होतं.

मी पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा चाखलं. तेच पाणी, तोच टँकर. ह्या वेळी थुंकलो नाही, गिळलं.

"कसं आहे?"

"चालेल."

पिंटूने माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्याला तरी शरम होती. दिपेशने मिक्सरसमोर नारळ फोडला, मजूर उठले, पाणी आत गेलं. पत्र साडेतीनला कुरिअरवाल्याच्या हातात पडलं.

त्यानंतर दिपेशला नावं ठेवणं मी सोडून दिलं. कोणत्या तोंडाने ठेवणार? पाणी मात्र चाखत राहिलो. लोकांना सवय झाली होती बघायची.

नीलम सप्टेंबरात गेली. दिवाळीच्या सुमारास तिचं पत्र आलं. वासंतीने, माझ्या बायकोने, शेजारच्या गोदूबाईंना मुद्दाम बोलावून आणलं. मी वाचायला घेतलं. थंडीचं लिहिलं होतं, जेवणाचं लिहिलं होतं. मग लिहिलं होतं:

"बाबा, परवा सरांनी विचारलं, तुमच्याकडे साइटवर दर्जा कसा राखतात? सगळ्यांनी मशिनांची नावं सांगितली. मी सांगितलं, माझे बाबा प्रत्येक टँकरचं पाणी स्वतः चाखतात आणि खारं लागलं तर शेठचंसुद्धा ऐकत नाहीत. मला वाटलं सगळे हसतील. कोणी हसलं नाही. सरांनी तुमचं नाव विचारून फळ्यावर लिहिलं."

"अगं बाई!" वासंतीने डोळ्यांना पदर लावला. "ऐकलंत का गोदूबाई? फळ्यावर!"

"काय म्हणाली?" गोदूबाईंनी कानामागे हात धरला.

"अहो, त्यांना कमी ऐकू येतं. तेवढं परत वाचा ना. जरा मोठ्याने."

मी घसा खाकरला आणि मोठ्याने वाचलं.