आठवा ठोका

"'मंत्रमुग्ध करणारा खालूबाजा' म्हणजे नेमकं काय वाजतं? मला ऐकू येऊ दे!" असा लाल शेरा मारून वैशालीमॅडमनी दर्शनाचा निबंध परत केला. महाडच्या कॉलेजातून नाते गावाकडे जाणाऱ्या एसटीत दर्शना नुसती धुमसत होती. तिचे आजोबा, मुरारीआबा, जन्मभर गावच्या खालूबाजात, सनई-ढोलाच्या त्या ताफ्यात, ढोल वाजवत आलेले. तिला खालूबाजा शिकवणाऱ्या या कोण?

पण रविवारी देवळासमोर तालीम लागली तेव्हा ती मुकाट्यानं वही घेऊन बसली आणि बोटांवर ठोके मोजू लागली. खोटं कशाला बोला, इतकी वर्षं तिनं नुसतं ऐकल्यासारखं केलं होतं. सनई वर चढली की ढोल हळू होतो, हे तिला आज कळलं. आणि दर चौथ्या फेरीत, सातव्या ठोक्यानंतर ढोल, टिमकी, झांज सगळे एकदम गप्प. आठवा ठोका गायब! मग पुन्हा सुरू.

"हे असं का रे?" तिनं टिमकीवाल्या ओमला विचारलं.

"वाडवडलांची चाल हाय ती," ओम छाती फुगवून म्हणाला.

घरी आबांना विचारलं, तर त्यांनी आधी दार लोटलं. "पोलादपूरच्या एका लग्नात ढोलाचा पट्टा घसरला गो माझा. सावरीपर्यंत एक ठोका गेला. पोरांना वाटलं, आबांची करामत! लोकांनी टाळ्या दिल्या. मग मी कशाला सांगतोय?"

दर्शना पोट धरून हसली. पण लिहायला पेन उचललं आणि थबकली. हे लिहावं तर आबांची गावभर शोभा. न लिहावं तर निबंध पुन्हा थापांचाच. दोन दिवस तिनं वही उघडली नाही. शेवटी तिची अडचण ओळखून आबाच म्हणाले, "लिही. पण आधी पोरांम्होरं वाच. माझ्या तोंडून नाय निघायचं."

पुढच्या तालमीत तिनं वाचलं. आधी कुणी हसेना. मग ओमला राहवेना, आणि सगळेच खदाखदा हसत सुटले. आबांनी तोंड पाडून पट्टा आवळला. "आता नीट वाजवतो. बघा!"

चौथी फेरी आली. सातवा ठोका पडला. पोरं सवयीनं थांबली आणि आबांचा ढोल एकटाच दणाणला.

"आबा, लय भारी! हेच ठेवायचं!" ओम ओरडला. आता आबांनाही हसू आवरेना.

दर्शनानं वहीतलं शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: "सातव्या ठोक्यानंतर सगळे थांबतात. आठवा ठोका एकटे मुरारीआबा वाजवतात. मुद्दाम."