थोरली टर्बो, धाकटी टर्बो

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांचे लग्नही झाले नव्हते, तेव्हा माझा जन्म झाला. लाल रंगाची, दोन दारांची, टर्बो इंजिनाची मी एक जुनी गाडी. आता माझा लाल रंग विटून गेला आहे. दार उघडले की बिजागऱ्या कण्हतात. थंडीत सुरू व्हायचे तर आधी बराच वेळ खोकावे लागते. खरे सांगायचे तर मी दमले आहे. पण दमलेल्या जिवाकडेही सांगण्यासारखे काही असते, म्हणून बोलते.

कामिसावा गावात, गरम पाण्याच्या झऱ्यांकडे चढणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी, कुवाबारा तेत्सुरोसान यांचे घर आहे. घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात मी. कारखान्यात मला अनेक हातांनी घडवले, पण मी ओळखते ते याच एका माणसाचे हात. तेत्सुरोसान झऱ्याजवळच्या एका हॉटेलची पांढरी मिनीबस चालवत. पाहुण्यांच्या हातातला चहा हिंदकळू नये, इतक्या बेताने ते आठवडाभर घाट चढत आणि उतरत. सुट्टीच्या दिवशी मात्र पहाटेच शेडचे दार सरकवून ते माझ्याकडे येत आणि म्हणत, "चल, आज चहा नाही."

टर्बो म्हणजे काय, ते सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू वाया जाऊ न देता त्याच्यावर एक छोटे चक्र फिरवतात. ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि गाडीच्या अंगात दुप्पट बळ येते. माझे चक्र मोठे आणि जड. त्यामुळे तेत्सुरोसानांनी पाय दाबला तरी मी लगेच झेपावत नसे. क्षणभर काहीच होत नसे. नवखा माणूस म्हणे, बिघडली वाटतं. आणि मग एकदम पाठीत गुद्दा बसावा तशी मी सुटत असे. तेत्सुरोसान वळण यायच्या आधीच पाय दाबून ठेवत, म्हणजे वळण सरताना माझे बळ नेमके हजर होई. मी केव्हा जागी होणार, हे त्यांना माझ्याआधी कळे. तो मधला रिकामा क्षण आम्हा दोघांचा होता.

त्या वेळी माझे कौतुक फार झाले. घाटमाथ्यावरच्या मोकळ्या जागेत गावोगावची पोरे जमत. गरम कॉफीचे कॅन हातात धरून ती माझे बॉनेट उघडायला लावत आणि आत डोकावत. घरी मात्र तेत्सुरोसानांची बायको हारुएसान टोमणे मारायच्या.

"माझ्या वाढदिवसाला एक वाडगा नूडल्स, आणि हिच्या वाढदिवसाला चार नवे टायर! पुढच्या जन्मी मला चाकं लावूनच पाठवा म्हणावं."

"तू चाकांशिवायच एवढी पळतेस," तेत्सुरोसान म्हणायचे, "चाकं लावली तर सापडायची नाहीस."

वर्षे गेली. माझ्यासारख्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. चाकांच्या वरच्या पत्र्याला गंज धरला. वेगाने चढले की इंजिन तापू लागले. तेत्सुरोसानही हॉटेलच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांचे केस पांढरे झाले, मान पूर्वीसारखी वळेना. तरी आम्ही जात राहिलो.

मग एक गोष्ट घडू लागली, जी फक्त मला ठाऊक होती. वळणावर माझे उजवे चाक मधल्या रेषेवर जाऊ लागले. आधी काठाला, मग रेषेच्या पलीकडे. तेत्सुरोसानांना ते दिसत नव्हते. पलीकडून कोणी आले नाही म्हणून आम्ही वाचत होतो, एवढेच. चाकाखालून रेषेचा जाड रंग गेला की मी थरथरत असे. जुनी गाडी थरथरणारच, असे त्यांना वाटे. मला तोंड नव्हते. एकदा डाव्या बाजूच्या कठड्याला माझा आरसा घासला. "हरीण आडवं आलं," तेत्सुरोसानांनी घरी सांगितले.

हारुएसान आरशावरचा राखाडी ओरखडा बोटाने चाचपत म्हणाल्या, "हरीण सिमेंटचं होतं वाटतं."

त्या शरद ऋतूत त्यांची मुलगी चिनात्सु घरी आली. ती ताकासाकी शहरात दंतवैद्य आहे. ती आली ती नव्या गाडीतून. गाडी माझ्याच घराण्यातली. तेच नाव, तसाच उतरता माथा, फक्त तिचा रंग निळा, आणि अंगावर एक ओरखडा नाही. अंगणात तिला माझ्या शेजारी उभे केले, तेव्हा आमच्यातला फरक झाकायला जागाच उरली नाही. हारुएसान दारात पर्सिमनची फळे सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुरी थांबवून आम्हा दोघींकडे पाहिले. "लग्नातला फोटो आणि आजचा फोटो," त्या म्हणाल्या.

"बाबा, हिलाही टर्बो आहे," चिनात्सु म्हणाली. "पण वाट बघावी लागत नाही. पाय ठेवला की निघाली."

"मग मजा कसली? हाक मारायच्या आत ओ देणारी गाडी!"

"चालवून तर बघा. मी तुमची घेते, तुम्ही माझी घ्या. वर जाऊन भेटू."

तेत्सुरोसानांनी माझ्या टपावर एकदा हात ठेवला आणि ते निळ्या गाडीत जाऊन बसले. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

ते पुढे आणि आम्ही मागे, असे निघालो. चिनात्सु लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसत आली होती. त्यांच्या मागून जाण्याची तिची ही पहिलीच वेळ. सुरुवातीला ती माझ्यावर हसत होती. पाय दाबायची, मी गप्प, मग मी उसळले की "अगं बाई!" म्हणून किंचाळायची. निळी मात्र पाण्यासारखी वर चढत होती. ना धक्का, ना धाप. माझ्या मनात हेवा नव्हता. या वयात एवढ्या सहज चढणारे कोणी दिसले की फक्त आपल्या सांध्यांची आठवण होते.

आणि मग चिनात्सुचे हसणे थांबले. पुढच्या वळणावर निळी गाडी मधल्या रेषेकडे सरकली होती. रेषेला चाक लागणार, इतक्यात ती आपोआप सावरली आणि डावीकडे आली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. जे मी कित्येक महिने एकटीने सोसले होते, ते आता चिनात्सु उघड्या डोळ्यांनी पाहत होती. तिची बोटे माझ्या स्टिअरिंगवर आवळली गेली.

तेवढ्यात वरून हॉटेलची पांढरी मिनीबस आली. वळण आंधळे होते. निळी पुन्हा रेषेवर गेली, आणि बस समोर दिसण्याच्या किंचित आधी झटका खाऊन आत आली. चालकाला काही कळलेही नाही. त्याने कुवाबारासानांना ओळखले आणि हसून मान लववली. खिडक्यांतून पाहुण्यांची डोकी दिसली. बस आमच्या बाजूने शांतपणे खाली गेली.

माथ्यावर पोहोचल्यावर चिनात्सुचा हात किल्लीकडे गेला. तेत्सुरोसान घाईने येत ओरडले, "बंद नको करूस! चढून आलीय ती. मिनिटभर तशीच राहू दे, चक्र निवू दे."

म्हणून मी सुरू होते, आणि म्हणूनच पुढचे सगळे मी ऐकले.

"तुझी गाडी फार कटकटी आहे," तेत्सुरोसान म्हणाले. "सारखी पींपीं करते. हातातलं स्टिअरिंग ओढून घेते."

"बाबा, ती उगाच नाही ओढत. चाक रेषेवर जायला लागलं की ओढते."

"माझी असं कधी करत नाही."

"तिला येत नाही म्हणून करत नाही!" चिनात्सुचा आवाज फुटला. "मी मागून बघितलं सगळं. ती बस..."

"बस मलाही दिसली." तेत्सुरोसान माझ्या बॉनेटला टेकले. "ओकानोला मीच शिकवलं होतं ती बस चालवायला. त्यानं हॉर्नसुद्धा नाही वाजवला, चिनात्सु. नमस्कार केला मला. त्याला वाटलं, समोर कुवाबारासान आहेत, म्हणजे काळजी नाही."

मग त्यांनी स्वतः आत हात घालून माझी किल्ली फिरवली, आणि ती मुलीच्या हातात ठेवली. परतताना चिनात्सुने निळी गाडी चालवली आणि ते तिच्या शेजारी बसून गेले. मला दुसऱ्या दिवशी गावातला मेकॅनिक घेऊन आला. त्याच आठवड्यात तेत्सुरोसानांनी पोलीस ठाण्यात जाऊन आपला परवाना परत दिला.

तो हिवाळा फार लांबला. माझ्यावर ताडपत्री टाकली होती. बॅटरी मेली. उंदरांनी सीटचा स्पंज कुरतडला. तेत्सुरोसान शेडकडे फिरकले नाहीत. भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज तेवढा दिवसभर ऐकू येई. मला भंगारात घातले असते तरी मी कुरकुर केली नसती. ज्याला कशाची वाट पाहायची नाही, त्याचे दिवस फार सावकाश जातात.

अखेर हारुएसानच वैतागल्या. एके दिवशी फोनवर मुलीला म्हणाल्या, "ती शेडमध्ये गंजतेय, हे टीव्हीपुढे गंजतायत. मी दोघांना तेल कुठवर घालू? ये आणि यांना बाहेर काढ."

बर्फ वितळल्यावर चिनात्सु आली. तिने मला नवी बॅटरी घातली, तेल बदलले, उंदरांचे घरटे उपसले. मग वडिलांना हाताला धरून आणले आणि माझे डावे दार उघडले. तेत्सुरोसान उभेच राहिले. या बाजूने ते कधी माझ्यात बसले नव्हते. पट्टा कुठून ओढायचा, हेही त्यांना शोधावे लागले.

घाट सुरू झाला. पहिली काही वळणे ते पट्टा धरून बसले. मग त्यांना राहवेना. "आता दाब. अगं, वळणाच्या आधी! थांब... थांब... आता!" आणि चिनात्सुच्या पायाखाली मी पूर्वीसारखी उसळले. ती हसली. तेत्सुरोसानही हसले, आणि मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

"चिनात्सु, तो धबधबा कधी झाला?"

"बाबा, तो पहिल्यापासून आहे."

"असेल," ते हळूच म्हणाले. "मी रस्त्याकडे बघत होतो."

मित्रांनो, धाकटी माझ्यापेक्षा वेगवान आहे. शहाणीही आहे. जे सांगायला हवे ते ती वेळेवर सांगते, आणि म्हणून माझा माणूस आज जिवंत आहे. मी तिचे उपकार मानते. तुमच्या घरातही कोणी दमले असेल, कोणाचे चाक रेषेवर जात असेल. ते दिसूनही गप्प राहू नका, तुम्हाला तोंड आहे. पण सांगून झाल्यावर त्याच्यावर ताडपत्री टाकू नका. त्याला शेजारच्या जागेवर बसवा, आणि जरा हळू चालवा.