उपटलेले खांब आणि एक रानकोंबडा

१९५३ साली साऊथ डकोटातल्या आमच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ इतका हरला, की आमच्या बँडला समोरच्यांची विजयगीतं पाठ झाली. जिंकलेल्यांच्या माणसांनी गोलचे खांब उपटून गावभर मिरवायचे, ही आमच्याकडची रीत. म्हणजे शनिवारी पाहुण्यांनी उपटायचे आणि सोमवारी आम्ही नवे रोवायचे. मी बचावफळीत खेळायचो खरा, पण माझ्या हाती चेंडूपेक्षा फावडंच जास्त आलं.

शेवटच्या सामन्याआधी प्राचार्य एनेबोंनी आमच्या कोच हॉगेनना बजावलं, "हाही हरलात, तर कॉलेजचं घर रिकामं करा."

कोचनी घरी येऊन हे सांगितलं. त्यांची बायको सेल्माबाई शिडीवर होती. "स्वयंपाकघर आत्ताच पिवळं रंगवलंय," ती वरूनच म्हणाली. "मी काही हलायची नाही. तुम्ही जिंका, नाहीतर मी बघते."

आणि नवल असं, की सामना संपत आला तरी सात-सहाने आम्ही पुढे! आमच्या लोकांना पुढे असण्याची सवयच नव्हती. काही आजोबा तर रडायला लागले. पण चेंडू पाहुण्यांकडे, आमचे खांब वीस पावलांवर, आणि त्यांचा लाथाड्या असा, की वाऱ्याला विचारून मारायचा. लाथेने चेंडू खांबांमधून गेला की त्यांना तीन गुण, आणि आमचे बारा वाजले.

तो पाय मागे घेतो न घेतो, तोच धाड्!

सामना संपला की पंच पिस्तूल उडवत. झालं! अख्खं गाव मैदानात घुसलं, खांब उपटले आणि बँडसकट नदीकडे निघालं.

"अरे, मी नाही उडवलं! खांब आणा माघारी!" पंच ओरडले.

"पोहायला येतं का, साहेब?" आमचा जाड्या एल्मर म्हणाला. "ते एव्हाना मिसूरी नदीला लागले असतील."

पाहुण्यांचा कोच टोपी चावायला लागला. खांबांविना लाथ कुठे मारणार? शेवटी चेंडू काखेत घेऊन त्यांचा गडी धावला, आणि एल्मर त्याच्यावर पडला. एल्मर एकदा पडला की लवकर उठत नसे. वेळ संपली.

रविवारी कोचच्या घरी आम्हाला जेवण होतं. प्राचार्यही आले होते. भाजलेला रानकोंबडा होता, सोबत बटाटे. प्राचार्यांच्या दाताखाली काहीतरी कट्कन वाजलं. त्यांनी छर्रा काढून ताटलीच्या काठावर ठेवला.

"शिकार ताजी दिसतेय, बाई. कधीची?"

"कालची," सेल्माबाई म्हणाली. "मैदानाच्या कुंपणामागे बसला होता मेला. आणखी बटाटे वाढू?"

कोचचा घास तोंडातच राहिला. प्राचार्यांनी छर्ऱ्याकडे पाहिलं, कोचकडे पाहिलं, मग पिवळ्या भिंतींवर नजर फिरवली.

"वाढा," ते म्हणाले. "रंग मात्र झकास निवडलात हं."