कोरी बाटली

पाणी तपासणारी बाई भडकली होती, आणि राग स्वतःवरच असल्यामुळे काढायचा कुणावर तेही कळेना. कारखान्यालगतच्या वस्तीच्या नळात रसायन सापडलं होतं. कपड्यावर पाण्याचा थेंब टिकू नये म्हणून जो लेप देतात, त्यातलं. पण नमुन्यासोबत प्रयोगशाळेतून नेलेली शुद्ध पाण्याची बाटली, तिला तिथे कोरी बाटली म्हणत, तिच्यातही तेच निघालं! म्हणजे घाण नमुना घेणारीच्याच अंगावरून आली असणार. कारखान्याचा साहेब खूश. "बाई, आधी स्वतः स्वच्छ होऊन या," म्हणाला मेला. आता दुसरा नमुना म्हणजे शेवटचा. तोही बाद झाला, तर वस्तीने मुकाट्याने तेच प्यायचं.

घरी खुंटीवर नवंकोरं जॅकेट लटकत होतं.

"सासूबाई, यावर पाणी टिकतं?"

"थेंबभर नाही! बघून-पारखून आणलंय तुझ्यासाठी."

"तेच भोवलं."

सगळं ऐकून सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "म्हणजे माझ्या मायेलाच लेप होता म्हण की!"

सकाळी त्यांनी सुनेला दारातच अडवलं. "हात दाखव. क्रीम नाही ना लावलं? आणि हा घाल." सासऱ्यांचा धुऊन-धुऊन विरलेला सुती सदरा.

"बुजगावणं दिसतेय मी."

"दिस. चिमण्या पकडायला नाही चाललीस."

नळापाशी साहेब हजर. अंगात चकचकीत जॅकेट. बाटलीवर वाकून बघायला लागला.

"मागे व्हा. तुमच्या अंगावर तेच आहे."

"देखरेख करायचा हक्क आहे मला!"

"मग ते काढा आणि करा."

वस्ती जमली होती. साहेबाने चरफडत जॅकेट काढलं. घाईत आत नुसतं बनियन घालून आला होता. बादल्या घेऊन उभ्या बाया खदखदून हसल्या. त्यातल्या एका म्हातारीला मात्र दया आली.

"गारठशील रे बाळा. ये, चहा टाकते. याच नळाचा."

"नको! नको!" साहेब दोन पावलं मागे सरला.

हसू थांबलं. म्हातारीने बादली तिथेच उपडी केली.

"कळलं गं बाई," ती म्हणाली, "तरी तू तुझं मशीन चालव. याचं तोंड कागदावर पण दिसू दे."

दिसलं. कोरी बाटली कोरीच निघाली, नळाची नाही. नळाला सील लागलं आणि लांबच्या एका धरणाचं पाणी टँकरने वस्तीत आलं. पहिला चहा म्हातारीने पाणी तपासणारीला पाजला. तिने तो विरलेल्या सदऱ्यावर सांडत, फुरके मारत प्यायला.