डावी पाकळी

देवबागात गुरुदासबाबाच्या खोलीच्या खिडक्या भर दुपारीही बंद असतात. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मासेवाल्या, होड्यांवरचे गडी, होमस्टेवाले, त्यांच्यात मीही, सगळे एका दगडाकडे टक लावून. आरती थांबली आणि जमीन थरथरली. कानाला जेमतेम ऐकू येईल असं काहीतरी बरगड्यांत घुमू लागलं, समईची ज्योत हलली. दगडाला चिकटवलेल्या दोन पाकळ्यांपैकी डावी खाली पडली.

डावा कौल म्हणजे नाही.

सत्यवतीने विचारलं होतं, लेकीच्या फिटच्या गोळ्या चालू ठेवू का? मालवणच्या डॉक्टरने त्या गोळ्या सुरू केल्यापासून सलोनीला एकही झटका आला नव्हता. पण तिला दर्याने धरलंय, गोळ्यांनी तो चिडतो, असं बाबाचं निदान. कौल लागेपर्यंत थांबू म्हणून आईने कालपासून गोळी दिली नव्हती. पोरीची बोटं मघापासून आपोआप आखडत होती.

बाबा घरी मालवणी बोलतो, गादीवर पुस्तकी मराठी. "ही सागराची स्पंदनं आहेत. विज्ञान इथवर पोचलेलं नाही." विज्ञान त्याच्या मागच्याच टेबलावर बसलेलं. कॉम्प्युटर, दोन छोटे स्पीकर आणि आरती लावायला शिष्य रविराज.

गोळ्या खाडीत सोड, बाबाने फर्मावलं. सत्यवती निघाली, तेवढ्यात तिची नणंद नम्रता आडवी आली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

"वयनी, थांब. ह्या मुठीयेवढ्या स्पीकरांनी जमीन हालता काय?"

कॉम्प्युटरच्या मागून निघालेली हिरव्या पिनेची वायर स्पीकरकडे जातच नव्हती, दगडाच्या चौथऱ्याखाली जात होती. नम्रताने चौथऱ्यावरचं लाल कापड वर केलं. आत भोक असलेला लाकडी डबा. सबवूफर. ढोलाचा जाड आवाज काढतो तो, आणि त्याच्यातूनच पुढे दोन्ही छोट्या स्पीकरांना वायरी.

हात लावशील तर वंश बुडेल, बाबा गरजला. बायका मागे सरल्या. नम्रताने पिन उपटली आणि पुन्हा कौल लावायला सांगितलं. बाबा तयार होईना. तेव्हा मासे विकणारी सुशीला मागून म्हणाली, "देव वायरीर चलता काय रे?"

लोक हसले. बाबाला पाकळ्या लावाव्याच लागल्या. रविराजने कॉम्प्युटरवर आरतीचं बटण दाबलं. ना आरती, ना थरथर. नम्रताने पिन परत खोचली आणि वयनीलाच बटण दाबायला लावलं. आरती वाजली, संपताच जमीन थरथरली, डावी पडली. उजवी नम्रताने नखाने खरवडून काढली. ती चंदनाने घट्ट बसवलेली, डावी नुसत्या पाण्याने.

त्याच क्षणी सलोनी कोसळली. डोळे पांढरे, हातपाय ताठ.

"बघा," बाबा म्हणाला, "दर्या कोपला." आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आत्ता हसलेली तीच माणसं हात जोडून परत त्याच्याकडे वळली. बाबा अंगारा घेऊन पुढे झाला.

सत्यवतीने पोरीला कुशीवर वळवलं. "माझ्या चेडवाक हात लावलंस तर बघ," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, "रिक्षा हाडा."

रिक्षा आली, दवाखाना गाठला, सलोनी वाचली. गोळ्या परत सुरू आहेत. बाबाची खोलीही सुरू आहे आणि गर्दी घटलेली नाही, म्हणून हे लिहितोय. देवाला विचारायचं ते खुशाल विचारा. पोराचं चालू औषध थांबवायचं की नाही, हे मात्र ते देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.